उडीच्या आधीची रात्र : कुमारांच्या वाचनाविषयी

मराठी मुलुखापासून दूर, नोकरीनिमित्त राहणाऱ्या कुटुंबांत पुस्तकांची एक ठरावीक पेटी असते. दर तीनचार वर्षांनी बदलीचा हुकूम येतो, लाकडी सामान विकले जाते, फुलझाडांच्या कुंड्या शेजाऱ्यांच्या हवाली होतात; ही पेटी मात्र दोरीने आवळून पुढच्या गावी जाते. तीत 'श्यामची आई' असते, एखादा फाटका 'गोट्या' असतो, 'फास्टर फेणे'चे दोनतीन भाग असतात, आणि झाशीच्या राणीचे एक लहानसे चरित्र असते. घरातील मुलगा वा मुलगी बारा वर्षांची झाली की ही पेटी उघडली जाते. मुलांनी मराठी विसरू नये हा त्यात एक हेतू असतो आणि मुलांना चांगले वळण लागावे हा दुसरा. पहिल्या हेतूविषयी दूरदेशीच्या मराठी नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले जाते. दुसऱ्याविषयी आम्ही येथे काही विचार मांडू इच्छितो. आणि झाशीसारख्या गावी राहून तो मांडताना राणीच्या चरित्रापासूनच आरंभ करावा लागेल हे उघड आहे.

'वळण' हा शब्द आम्हांला थोडा अपुरा वाटतो. वळण बाहेरून लावले जाते. वेलीला मांडवाची काठी लावतात तसे. बारा ते पंधरा ह्या वयात मुलाला काठी लागते हे खरे, परंतु ह्याच वयात त्याला आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे लहानसहान बाबतीत स्वतः ठरवणे आणि ठरवल्यावर त्याचे जे होईल ते स्वतःच्या अंगावर घेणे. बदलीच्या नोकरीतील घरात ह्या शिक्षणाची एक विलक्षण अडचण असते. मुलाच्या आयुष्यातील सर्व मोठ्या गोष्टी सरकारी कागदावर ठरून येतात. गाव कोणते, शाळा कोणती, शेजारी कोण, दुसरी भाषा कोणती, ह्यांतील एकही प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो, आणि खरे पाहता त्याच्या वडिलांनाही विचारलेला नसतो. तेरा वर्षांच्या मुलाने तीनदा मित्र गमावलेले असतात आणि एकदाही काही निवडलेले नसते. 'जे येईल ते' अशी एक समजूतदार उदासी ह्या मुलांच्या ठिकाणी पुढेपुढे दिसू लागते. पाहुणे तिला शहाणपण म्हणतात. आम्हांला ती काळजी करण्यासारखी वाटते.

कारण लहान निर्णय काही थांबत नाहीत. वर्गातील मुले रविवारी ओरछ्याला बेतवेत पोहायला जाणार आहेत. घरी विचारावे की जाऊन यावे? मित्राने शिकवणीच्या शुल्काचे पैसे उसने मागितले आहेत. चाचणीत गुण कमी पडले आहेत आणि वडील दौऱ्यावर आहेत. आईला आज सांगावे की ते परत आल्यावर दोघांना एकदम? भ्रमणध्वनीवर कोणी एका मुलीचे छायाचित्र पाठवले आहे आणि ते पुढे पाठवा असा आग्रह आहे. शाळेच्या फाटकाशी आजी मराठीत हाक मारते, तेव्हा मित्रांदेखत तिला ओ मराठीत द्यावी की हिंदीत? हे शेवटचे उदाहरण कोणाला क्षुल्लक वाटेल. ज्यांची मुले परप्रांतात वाढली आहेत त्यांना ते तसे वाटणार नाही.

ह्या गोष्टीकडे शिक्षणशास्त्राचे लक्ष गेलेले नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात जीवनकौशल्यांची जी यादी मांडली तीत निर्णय घेण्याचे कौशल्य आहे, आणि ती यादी आता आपल्या शाळांतही पोचली आहे. शाळेत त्यासाठी तास असतो आणि प्रश्नांचे कागद असतात. आमच्या पाहण्यात आलेले त्यांतील बहुतेक प्रश्न 'रस्त्यात पाकीट सापडले तर तुम्ही काय कराल?' अशा घाटाचे आहेत. पुढे चार पर्याय. उत्तर कोणते अपेक्षित आहे हे वर्गातील सर्वांत मठ्ठ मुलालाही कळते, आणि सर्वांत लबाड मुलगा ते सर्वांत आधी लिहितो. खऱ्या प्रश्नात दोन्ही बाजूंना काहीतरी बरोबर असते, म्हणून तर तो प्रश्न असतो. मित्राला पैसे देणे चांगले आणि घरच्यांना न विचारता न देणे हेही चांगले. हा पेच कागदावरच्या चार पर्यायांत मावत नाही. तो गोष्टीत मावतो, आणि म्हणूनच हा विषय शिक्षणशास्त्राइतकाच साहित्यसमीक्षेचाही आहे. कुमारांसाठी लिहिलेल्या गोष्टीत निर्णयाच्या आधीची घालमेल आणि नंतरचा हिशेब ही दोन्ही दिसतात काय, एवढाच प्रश्न घेऊन आम्ही आपली ती पेटी तपासू.

झाशीच्या किल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येक मुलाला तटावरील एक जागा दाखवली जाते. दत्तक पुत्राला पाठीशी बांधून राणीने घोड्यासह उडी घेतली ती ही जागा, असे सांगतात. मूल वाकून खाली पाहते, छाती दडपते, आणि परत येताना 'घोड्याचे काय झाले?' एवढेच विचारते. आपल्या मुलांसाठी लिहिलेली राणीची बहुतेक चरित्रे ह्या उडीभोवती रचलेली आहेत. लहानपणीची मनू तलवार चालवते, मग लग्न होते, मग 'माझी झाशी देणार नाही' हे उद्गार येतात, मग उडी, मग ग्वाल्हेर. ह्या चरित्रांनी स्फूर्ती दिली आहे आणि पुढेही देतील. तिची किंमत आम्ही कमी लेखत नाही. २०२१ च्या अखेरीस येथील रेल्वे स्थानकालाही वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले, ते त्याच स्फूर्तीचे फळ. परंतु ज्या मुलाला उद्या सकाळी शाळेत काय करावे हे ठरवायचे आहे, त्याला ही चरित्रे काय देतात? राणी कधी गोंधळत नाही, कोणाला विचारत नाही, मत बदलत नाही. ती ठरवत नाही. तिचे आधीच ठरलेले असते. मुलाने तिला नमस्कार करावा आणि आपल्या प्रश्नाकडे एकट्याने परत यावे.

नवल असे की ज्या ग्रंथांतून ही चरित्रे उतरली त्यांतील राणी अशी नाही. १८५३ च्या २१ नोव्हेंबरला गंगाधररावांचे निधन झाले तेव्हा लक्ष्मीबाई, १८३५ हे रूढ जन्मवर्ष धरले तर, नुकत्या अठरा वर्षांच्या झाल्या होत्या. दत्तकविधान आदल्याच दिवशी झाले होते. पुढच्या वर्षी संस्थान खालसा झाले, आणि १८५४ पासून १८५७ च्या जूनपर्यंत त्या किल्ला सोडून शहरातील वाड्यात राहिल्या. ही तीन वर्षे मुलांच्या चरित्रांत सहसा दोन ओळींत संपतात. उडीला दोन पाने लागतात. द. ब. पारसनीसांनी १८९४ साली जे मोठे चरित्र प्रसिद्ध केले त्यात ह्या काळातील खलिते, अर्ज आणि उत्तरे ह्यांना जी जागा आहे ती मुलांच्या चरित्रकारांनी जरा निवांतपणे वाचायला हवी होती. दरमहा पाच हजारांची तनखा घ्यावी की न घ्यावी? घेतली तर हक्क सोडल्यासारखे दिसते. न घेतली तर आश्रितांचे पोट कसे भरावे? दिवंगत नवऱ्याचे कर्ज त्या तनख्यातून कापून घेण्याचा सरकारचा मनसुबा कळल्यावर काय करावे? सर्वांत बोलका प्रसंग दामोदररावाच्या मुंजीचा. मुलाच्या नावे सरकारात सहा लाख रुपये ठेव होती. त्यातील एक लाख मुंजीसाठी मागितले, तर उद्या मुलगा मोठा होऊन पैसे मागू लागल्यास कोण देणार म्हणून सरकारने जामीन मागितले. स्वतःच्या मुलाच्या पैशाला परक्यांची हमी! राणीने जामीन दिले आणि मुंज केली. अपमान गिळायचा की मुलाचा संस्कार अडवायचा, असा तो प्रश्न होता. ह्या निर्णयाला टाळ्या पडत नाहीत. तटावर त्याची जागा कोणी दाखवत नाही. पण घरखर्च, मान आणि मुलाचे हित ह्यांची ओढाताण तेरा वर्षांच्या मुलीला उडीपेक्षा लवकर कळते, कारण ती तिने जेवणाच्या वेळी आईवडिलांच्या बोलण्यात ऐकलेली असते.

आता उडीच्या आधीची रात्र. विष्णुभट गोडसे हे वरसईचे भिक्षुक १८५८ च्या वेढ्यात झाशीतच सापडले होते, हे वाचकांना ठाऊक आहे. त्यांच्या 'माझा प्रवास' ह्या हकीकतीत शहर पडल्यानंतरची राणी येते. ती हताश झालेली आहे. दारूगोळ्याला आग लावून किल्ल्यातच जळून मरावे असे तिच्या मनाने घेतले आहे. तेव्हा एक वृद्ध सरदार तिला समजावतो: आत्मघात हे पाप आहे, रात्री वेढ्यातून बाहेर पडावे, काल्पीला पेशव्यांना जाऊन मिळावे. राणी ऐकते. ठरवलेले बदलते. मग पुरुषी वेष, घोडा, पाठीशी मूल, आणि अपरात्री बाहेर पडणे. गोडसे भटजींची हकीकत पंचवीस वर्षांनी लिहिलेली आहे आणि तीत ऐकीव भागही आहे. तिचे प्रत्येक वाक्य इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. परंतु निर्णय कसा घडतो ह्याचे चित्र म्हणून ह्या एका रात्रीला मराठीत फारशी जोड नाही. पहिला विचार दुःखाच्या भरातील होता आणि तो चुकीचा होता. तो उघडपणे बोलून दाखवला म्हणून दुसऱ्याला त्यावर बोलता आले. बोलणारा वयाने मोठा होता, पण त्याने हुकूम केला नाही. पुढची वाट दाखवली. आणि ऐकल्याने राणीचे राणीपण उणे झाले नाही.

मुलांच्या चरित्रकारांनी नेमका हा संवाद वगळला. त्यांना वाटले असावे की खचलेली राणी मुलांना दाखवू नये. आमचे मत उलट आहे. ज्या मुलाला राणीही एकदा खचली होती हे ठाऊक आहे, तो आपला वाईट विचार कोणाजवळ तरी बोलून दाखवील. ज्याला फक्त उडी ठाऊक आहे तो बोलणार नाही. परीक्षेच्या निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रे वाचणाऱ्या पालकांना आम्ही ह्याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

'श्यामची आई'कडे येताना लेखणी जरा जपून चालवावी लागते. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात चारपाच दिवसांत लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठी घरात देवघराच्या शेजारी ठेवले जाते, आणि देवघराची समीक्षा करणे कोणाला आवडत नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हे पुस्तक आज्ञाधारकपणाचे पुस्तक आहे असा एक समज आहे, आणि पालक ते मुलांच्या हाती ह्याच समजुतीने देतात. ज्यांनी ते तेराव्या वर्षी वाचून पुन्हा उघडलेलेच नाही त्यांचा हा समज आहे. वस्तुतः श्याम सारखे काही ना काही ठरवत असतो, आणि पुष्कळदा चुकीचे ठरवतो. मोठे होण्यासाठी वाचले पाहिजे, वाचण्यासाठी पुस्तक पाहिजे, म्हणून तो पाहुण्याचे पैसे चोरतो. त्या प्रकरणाचे सामर्थ्य असे की चोरीमागील हेतू चांगला आहे. आई हेतू नाकारत नाही आणि चोरीही सोडत नाही. शाळेच्या कागदावरील पाकिटापेक्षा ही गोष्ट कितीतरी पुढे गेली आहे.

अळणी भाजीची गोष्ट ह्याहून सूक्ष्म आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरली. वडील काही न बोलता जेवले, आणि त्यांचे पाहून मुलेही. कोणी उपदेश केला नाही. वडिलांनी एक गोष्ट स्वतःच्या मनाशी ठरवली आणि मुलांनी ती पानावर बसल्या बसल्या ओळखली. निर्णय शिकवण्याची ही सर्वांत जुनी रीत. आमच्या वाचकांपैकी कचेरीत दिवसभर निर्णय घेणारे किती गृहस्थ घरी मुलांदेखत एखादा निर्णय घेऊन दाखवतात, हा प्रश्न विचारण्याचा मोह आम्ही आवरतो.

तरीही ह्या पुस्तकाला एक मर्यादा आहे. श्यामचे प्रत्येक प्रकरण अखेर आईच्या न्यायासनापुढे येते. तिचा निवाडा प्रेमाचा असतो, अश्रूंचा असतो, पण निवाडा तिचा असतो. पोहायला जायला भिऊन लपलेल्या श्यामला ती शिमटीने मारून विहिरीवर पाठवते. तो पोहायला शिकतो, आणि आईने मारले ते योग्यच होते असे मोठेपणी सांगतो. (आज बेतवेवर जाऊ नको म्हणून रागावणारी आई आणि तेव्हा विहिरीवर जा म्हणून मारणारी आई ह्यांत आम्हांला फारसे अंतर दिसत नाही, दोन्ही ठिकाणी मुलाने काही ठरवलेले नाही.) ह्या नियमाला एक सुंदर अपवाद मात्र आहे. दापोलीला शिकत असताना खाऊचे पैसे साठवून श्याम धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो. हे त्याचे त्याने ठरवले, महिनोन्महिने स्वतःशी पाळले, आणि कोणाला सांगितले नाही. आईचा पहिला प्रश्न असतो, पैसे कोठून आणले? त्या प्रश्नात आधीच्या चोरीची आठवण आहे, म्हणून तो बोचतो; आणि श्यामजवळ खरे उत्तर आहे, म्हणून तो बोचून थांबतो. ह्या ठिकाणी प्रथमच न्यायाधीश ऐकतो आणि आरोपी सांगतो. 'श्यामची आई' कुमारांना वाचून दाखवताना ही दोन प्रकरणे लागोपाठ वाचावीत असे आम्ही सुचवू. मधली वगळली तरी श्यामची माऊली रागावणार नाही.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने ही आई गोष्टीतून बाहेर काढली, आणि ते आवश्यकच होते. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो. संकटाच्या वेळी त्याच्याजवळ मोठे माणूस नसते. सायकलवर बसून त्याला स्वतःच काय ते ठरवावे लागते. पेटीतील पुस्तकांत मुलांच्या हातून सर्वांत जास्त फाटलेले पुस्तक बहुधा हेच असते, आणि ती मुलांनी केलेली समीक्षा आम्ही शिरसावंद्य मानतो. परंतु फेणेचे निर्णय क्षणात होतात आणि बरोबर ठरतात. 'टॉक्' असा आवाज काढला की त्याला उपाय सुचलेला असतो. फेणे चुकला, त्याच्या चुकीने दुसऱ्या कोणाचे नुकसान झाले, आणि ते भरून द्यायला त्याला वर्षभर लागले, असे ह्या गोष्टींत होत नाही. साहसकथेकडून ती अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल. गोट्याविषयी बोलायचे तर तो आम्हांला फार आवडतो, पण तो इतका गुणी आहे की त्याला सल्ला देण्याची कोणाला संधीच मिळू नये.

म्हणजे निर्णयाआधीची घालमेल एका पुस्तकात, स्वातंत्र्य दुसऱ्यात, आणि नंतरचा हिशेब कोठेच नाही, असे झाले. आमच्या मते हा हिशेब 'माझा प्रवास'मध्ये आहे, आणि तो तेथे आहे म्हणूनच आम्ही हा लेख लिहावयास घेतला.

'माझा प्रवास' हे मुलांसाठी लिहिलेले पुस्तक नाही. लेखक प्रवासाला निघाला तेव्हाच तिशीला आलेला होता, आणि लिहिले तेव्हा वृद्ध होता. तरी त्याचा सांगाडा पाहावा. घरावर कर्ज आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे दक्षिणा चांगली मिळेल अशी बातमी येते. जावे काय? घरच्यांना परमुलखाची भीती आहे. घरात बोलणे होते, विरोध होतो. अखेर काका बरोबर येतात आणि निरोप मिळतो. येथपर्यंत कोठल्याही मध्यमवर्गीय घरातील गोष्ट आहे. मुलगा नोकरीसाठी परप्रांतात जाणार म्हणून जे होते तेच झाले, आणि ह्या नियतकालिकाच्या प्रत्येक वाचकाच्या घरी ते एकदा झालेले आहे. पुढे महूच्या सुमारास वाटेत शिपाई भेटतात आणि सांगतात की थोड्याच दिवसांत मोठा दंगा उसळणार आहे, परत फिरा. चुलते-पुतणे विचार करतात. पुढे गेले तर जीव धोक्यात. परत गेले तर रिकाम्या हाताने कर्जाच्या दारात. ते पुढे जातात.

ह्या ठिकाणी गोडसे भटजी दैवाचा हवाला देतात, आणि आजच्या कुमाराला तो देऊन आपण समाधान मानू शकणार नाही. परंतु दैवाचे नाव घेणारा हा माणूस पुढे जे जे झाले ते लपवत नाही, हे पाहण्यासारखे आहे. झाशीत वेढा पडला, तोफगोळे पडले, पाण्याचे हाल झाले, शहरात कत्तल झाली. लपून बसावे लागले. लुटारूंच्या फेऱ्या एकामागून एक आल्या, आधी सोनेनाणे, मग भांडी, मग कापड, मग धान्य, आणि भटजींनी मिळवलेले गेले. ज्या पैशासाठी घर सोडले तो पैसा गेला, आणि घर सोडण्याचा आग्रह आपलाच होता, हे सर्व ते सरळ सांगतात. स्वतःला वीर करत नाहीत. भीती वाटली तेथे भीती वाटली असे लिहितात. परत येताना पैसा फारसा नव्हता. खांद्यावर गंगोदकाची कावड होती, आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालण्यासाठी. निघताना ठरवलेल्या दोन गोष्टींपैकी एक साधली, एक साधली नाही. हा हिशेब. तो ना शाबासकीत संपतो ना शिक्षेत.

ह्याच पुस्तकात राणीचे दोन लहान निर्णय आहेत, आणि दोन्ही उडीपेक्षा मुलांच्या आवाक्यातील आहेत. महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतताना वेशीजवळ भिकाऱ्यांची गर्दी दिसली. चौकशी केली तर थंडीने हाल होतात असे कळले. चार दिवसांत गावातील प्रत्येक गरिबाला टोपी, बंडी आणि घोंगडी देण्याचा हुकूम झाला. आधी विचारले, मग ठरवले, मुदत घालून दिली. दुसरा निर्णय पराभवानंतरचा, काल्पीच्या वाटेवरील विहिरीवरचा. राणी तहानेने व्याकूळ होऊन आली. भटजी पाणी शेंदून देऊ लागले. तिने ते नको म्हटले आणि स्वतः शेंदून प्याली. विद्वान ब्राह्मणाकडून पाणी काढवून घेऊ नये, ही तिची त्यामागची समजूत आज आपल्याला परकी वाटेल, आणि त्यावर मुलांशी बोलावेही. पण सर्व काही हातचे गेल्यावर, अंगावर धूळ आणि घशाला कोरड असता, तिने आपली रीत सोडली नाही. कोणी पाहत नव्हते, एक भिक्षुक सोडून.

असे असता हे पुस्तक आपल्या पेटीत का नाही? कारणे उघड आहेत. भाषा जुनी. भटजींना दंतकथा प्रिय. चमत्कार, अफवा आणि राजघराण्यांतील कुजबूज ह्यांना त्यांनी मोकळी जागा दिली आहे, आणि त्यांतील काही भाग तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती जसाच्या तसा देता येणार नाही. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक प्रथम छापले तेव्हा त्यांनीही पुष्कळ काटछाट व सुधारणा केल्या. मूळ संहिता द. वा. पोतदारांनी १९६६ साली पुढे आणली. म्हणजे पहिल्या छापील रूपापासूनच हे संक्षेपाचे पुस्तक आहे, आणि आणखी एक संक्षेप, तो कुमारांसाठी, करण्यास संकोचाचे कारण नाही. ज्यांच्या मुलांना आता मराठी वाचणे जड जाते, त्यांना अमृतलाल नागरांचा 'आँखों देखा गदर' हा हिंदी अनुवाद उपयोगी पडेल. झाशीच्या घरांत दोन भाषा एका पाटावर बसून जेवतात. पुस्तकांनी का बसू नये?

परंतु संक्षेप करणाराने काय ठेवावे आणि काय गाळावे ह्यावर सर्व अवलंबून आहे, आणि राणीच्या चरित्रांचे जे झाले ते भटजींचे होऊ नये. उद्या कोणी ह्या पुस्तकाची कुमार-आवृत्ती काढील आणि तीत वेढा, कत्तल आणि विहीर एवढेच ठेवील, अशी आम्हांला धास्ती वाटते, कारण तेच चित्रमय आहे. कर्जाचा मजकूर गाळता कामा नये. घरातील बोलणे गाळता कामा नये. विशेषतः घरच्यांचा विरोध, कारण विरोध करणारे मूर्ख नव्हते आणि पुढे त्यांची भीती खरी ठरली. महूजवळची चर्चा पूर्ण ठेवावी, आणि तिच्या अखेरीस ते पुढे गेले ते बरोबर की चूक ह्याविषयी संपादकाने एक अक्षरही लिहू नये. वाचणारी मुले भांडतील. एक म्हणेल परत फिरायला हवे होते, दुसरी म्हणेल मग कर्ज कोण फेडणार होते. घरातील वडीलमाणसांनी त्या भांडणात पडायचे असेल तर आपल्या एखाद्या बदलीच्या वेळचा हिशेब घेऊन पडावे. दंतकथा निम्म्या काढाव्यात, सर्व काढू नयेत. कोणत्या बातमीवर विश्वास ठेवावा हेही मुलांना ठरवायचे असते, आणि अफवांच्या बाबतीत १८५७ साल आजच्या भ्रमणध्वनीहून फार मागे नव्हते.

भाषा सुलभ करताना भटजींचा स्वर घालवू नये एवढे पथ्य पाळले, तर दीडशे पानांत हे पुस्तक बसेल. चित्रे थोडीच असावीत, आणि त्यांत उडीचे नसले तरी चालेल. नकाशा मात्र हवा, घडी घालून लावलेला, मोठा. वरसईपासून झाशीपर्यंतची वाट मुलांना बोटाने चालता आली पाहिजे, आणि महूच्या ठिकाणी बोट थांबवता आले पाहिजे.